पोरं बसत नाहीत म्हणे

"विषय चांगला आहे हो, पण आमची पोरं बसत नाहीत." चर्नी रोडपासून परळपर्यंत कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जा आणि जरा वेगळ्या विषयावर व्याख्यान ठेवू या म्हणून सुचवून बघा. मुंग्यांची वसाहत, मोडीतले जमाखर्च, बंदरातला गाळ, काहीही. समोर चहा येण्याआधी हे वाक्य येतं. सुचवणारा ओशाळतो, विषय बदलतो, आणि शेवटी दरवर्षीचंच ठरतं: स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन, व्यक्तिमत्त्व विकास, ताणतणावाचं व्यवस्थापन, आणि हल्ली त्यात एआयची भर. वक्तेही ठरलेलेच असतात. एक निवृत्त अधिकारी, एक समुपदेशक, आणि 'तुम्ही ठरवलं तर काहीही करू शकता' हे तासभर सांगू शकणारा एक हसतमुख गृहस्थ.

स्टाफरूममधलं ते वाक्य खोटं आहे असं मला म्हणायचं आहे. पोरं बसत नाहीत हे काही वेळा डोळ्यांना दिसतं, ते मी नाकारत नाही. पण विषय अनोळखी होता म्हणून ती बसली नाहीत, हा त्यातला कार्यकारणभाव पोकळ आहे. तो सोयीचाही आहे, कारण आयोजनातला सगळा आळस त्यामागे झाकला जातो.

आधी 'मागणी नाही' या युक्तिवादाचं बघू. बऱ्याच कॉलेजांत आता सत्राच्या सुरुवातीला गूगल फॉर्म फिरतो: आपल्याला कोणत्या विषयावर कार्यक्रम आवडेल? पोरं काय लिहिणार? जे ठाऊक आहे तेच लिहिणार. शेअर बाजार, एमपीएससी, यूट्यूब चॅनेल कसा काढावा. ज्या विषयाचं नावच कानावर पडलेलं नाही त्याची मागणी अठरा वर्षांच्या मुलानं नोंदवावी ही अपेक्षा कोणत्या तर्कात बसते? तरी ते फॉर्म छापून फाइलला लागतात आणि पुढची तीन वर्षं पुरावा म्हणून दाखवले जातात. बघा, पोरांनाच नको आहे.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम कसा होतो ते पाहा. सकाळी शिपाई वर्गावर्गातून नोटीस फिरवतो आणि प्रथम वर्षाच्या दोन तुकड्या हॉलमध्ये आणून बसवल्या जातात. एनएसएसची मुलं दाराशी उभी असतात, हजेरीचा कागद फिरतो. पंचाहत्तर टक्क्यांचा धाक असतोच. वक्ता वेळेवर आलेला असतो, प्राचार्य यायचे असतात. मग दीपप्रज्वलन. काडी विझते, दुसरी ओढतात. ईशस्तवन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, रोपटं. प्रास्ताविक करणारे सर व्याख्यानाच्या विषयावर स्वतःच पंधरा मिनिटं बोलतात. वक्त्याचा बायोडाटा पदव्यांच्या तारखांसकट वाचून दाखवला जातो. प्राचार्यांचं मनोगत होतं आणि लगेच प्राचार्यांना एका मीटिंगला जावं लागतं. वक्त्याच्या हाती माइक येतो तेव्हा पाऊण तास उलटलेला असतो आणि प्रोजेक्टर सुरू होत नसतो. मध्येच फोटो काढणारा मुलगा पुढे येतो, कारण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालाला जिओटॅग असलेले फोटो लागतात. शेवटी 'वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत', आभार, राष्ट्रगीत. मग पाहुण्यांना केबिनमध्ये बटाटेवडे आणि पोरांना जिना.

या सोहळ्यात पोरं मोबाइल काढतात यात नवल कसलं? मीही काढतो. अशा रीतीनं तुम्ही त्यांच्या आवडत्या क्रिकेटपटूला आणलंत तरी चाळिसाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होईल. परीक्षा घ्यायचीच तर एकदा शाल-श्रीफळाशिवाय, हजेरीच्या कागदाशिवाय, लहान वर्गात, प्रश्नांना अर्धा वेळ ठेवून घ्या आणि मग अनोळखी विषयाला नापास करा. हा प्रयोग न करताच निकाल जाहीर झालेला आहे.

या बाबतीत ज्या भागाबद्दल आपण बोलतो आहोत त्याचा इतिहास तरी काय सांगतो? १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई नौरोजी त्यातलेच. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा झाल्या. मराठीतल्या उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेत दादोबा पांडुरंगांसारखी माणसं होती आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिकही निघू लागलं. निबंध वाचायचा, त्यावर बाकीच्यांनी बोलायचं, अशी रीत. ऐकणाऱ्यांना त्यातले बहुतेक विषय नवेच होते, कारण त्या विषयांवर मराठीत वाचायलाच फारसं काही नव्हतं. या सोसायटीत एका सभासदानं स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला, त्यावर चर्चा तापली, आणि १८४९ मध्ये याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या. सुरुवातीला पगार न घेता स्वतःच शिकवलं. जगन्नाथ शंकरशेटांनी जागा दिली. मुलींनी शाळेत यावं अशी मागणी गिरगावच्या वाड्यांतून कुणी फॉर्म भरून केली नव्हती.

पण मला जुन्या काळाचे गोडवे गायचे नाहीत, कारण तोच इतिहास दुसऱ्या बाजूनंही साक्ष देतो. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. गर्दी लोटायची. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानं त्याचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत छापला. ही गर्दी ज्ञानासाठी तहानलेली होती असं कुणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. कुस्तीला जमते तशी ती जमली होती. आपला पैलवान जिंकतो का हे बघायला आलेल्या माणसाच्या कानांवर मात्र जाता जाता मूर्तिपूजा, पुनर्जन्म, पापक्षालन यांवरचे दोन्ही बाजूंचे युक्तिवाद पडले. आयोजनाच्या दृष्टीनं त्यातली गोष्ट एवढीच की समोर प्रतिपक्ष होता आणि श्रोत्याला निकाल स्वतः लावायचा होता. आपल्या हॉलमध्ये श्रोत्यानं लावायचा असा कुठला निकाल शिल्लक असतो?

त्याच किनाऱ्यासमोर विल्सन कॉलेज उभं आहे. ज्या जॉन विल्सन यांच्या नावानं ते चालतं ते स्वतः जाहीर वाद करणारे, १८३० च्या सुमारास मोरभट दांडेकरांशी त्यांचा वाद गाजलेला. या कॉलेजात रघुनाथ धोंडो कर्वे गणित शिकवत. १९२१ मध्ये त्यांनी गिरगावात संततिनियमनाचं केंद्र काढलं. तेव्हा हा विषय नुसता अनोळखी नव्हता, घरात उच्चारण्याचाही नव्हता. कॉलेजच्या चालकांना तो रुचला नाही आणि प्रचार किंवा नोकरी असा पेच उभा राहिला. १९२५ मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली. पुढे जुलै १९२७ पासून त्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक निघू लागलं, ते १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी दंड झालाच.

कर्व्यांची गोष्ट आपण धैर्याची म्हणून सांगतो, नाटकं-सिनेमे काढतो, ठीकच आहे. मला मात्र त्या वर्गातल्या मुलांचं वाटतं. त्या काळातला सगळ्यात अवघड विषय जाणणारा माणूस त्यांच्याच फळ्यासमोर उभा होता. त्याला बाहेरून बोलवायचं नव्हतं, मानधन द्यायचं नव्हतं, टॅक्सी पाठवायची नव्हती. तरी तो विषय त्यांना कॉलेजच्या आवारात ऐकायला मिळाला नाही. १९५२ मध्ये भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. म्हणजे जे कॉलेजला झेपलं नाही ते सत्तावीस वर्षांनी सरकारी धोरण झालं. तेव्हाही 'आमची मुलं हे ऐकायला तयार नाहीत' असंच कुणीतरी म्हणालं असेल. तयार नसणारी मुलं नव्हती.

"ते जुनं झालं, आताची पिढी वेगळी," असं म्हणणाऱ्यांना मी माटुंग्याच्या रविवार सकाळींची आठवण करून देईन. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) शास्त्रज्ञांनी २००९ पासून 'चाय अँड व्हाय?' नावाचा उपक्रम चालवला. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि आपल्या रुपारेल कॉलेजात. विषय कुठले, तर भौतिकशास्त्रातले, जीवशास्त्रातले, गणितातले, ज्यांवर पदवीची पोरंही चाचपडतात. वेळ कोणती, तर मुंबईकराची झोपेची हक्काची सकाळ. हजेरी नाही, प्रमाणपत्र नाही, प्रवेश फुकट. नावातच प्रश्न आहे आणि चहा आहे. तिथे शाळकरी मुलं आली, आजोबा आले, मध्येच हात वर करून विचारू लागले. आता कुणी म्हणेल की टीआयएफआरचं नाव मोठं, म्हणून लोक आले. मग तुमच्या कॉलेजात मोठ्या नावाचे पाहुणे येतात तेव्हा मागच्या चार रांगा कॅन्टीनला का जातात?

जयंत नारळीकरांचं उदाहरणही इथे आठवतं. मुलं सहीसाठी गराडा घालत तेव्हा ते सही द्यायचं टाळत आणि सांगत, पोस्टकार्डावर एखादा विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. मुलाला सही हवी होती, त्यासाठी त्याला आधी प्रश्न शोधावा लागे. पोरांना विषयाकडे वळवण्याची ही युक्ती. हिला ना अनुदान लागतं, ना ठराव.

दुसरा आक्षेप प्लेसमेंटचा. मोडी शिकून, मुंग्या पाहून नोकरी मिळणार आहे का? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. लालबाग-परळच्या कॉलेजांत येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी नोकरी हा चैनीचा विषय नसतो. दुपारी कॉलेज, संध्याकाळी दुकानात किंवा डिलिव्हरीवर, अशी पोरं असतात. त्यांना तासभर बसवायचं तर तो तास त्यांच्या कामाचा असला पाहिजे. पण व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानानं नोकरी लागल्याचा दाखला तरी कुठे आहे? तिथेही मिळतो तो उत्साहच, आणि तो करी रोड स्टेशनच्या पुलावर ओसरतो. मुलाखतीत समोरचा विचारतो, "बाकी काय वाचता, कशात रस आहे?" आणि आपला मुलगा गप्प होतो. ते गप्प होणं आपण कॉलेजात तीन वर्षं घडवलेलं असतं.

शिवाय अनोळखी विषय म्हणजे दूरचाच असं कुणी सांगितलं? परळच्या पोरांना विचारा, हाफकिनमध्ये काय चालायचं. बसच्या थांब्याचं नाव म्हणून ते ठाऊक असतं. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली, जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात चालू लागली. कोविडची लस दंडात घेतलेली ही मुलं त्याच इमारतीवरून रोज जातात.

किंवा गिरणी घ्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. आज कॉलेजात बसलेल्या मुलांपैकी काहींचे आजोबा त्या संपात होते. पण साचेखातं म्हणजे काय, बदली कामगार कुणाला म्हणत, भोंग्यावर चाळीचा दिवस कसा चाले, हे नातवाला ठाऊक नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून हा इतिहास गोळा करून ग्रंथ केला, तो मराठीतही आला आहे. तरी परळच्या एखाद्या कॉलेजनं साच्यावर काम केलेल्या माणसाला वक्ता म्हणून खुर्ची दिली, तर पहिला प्रश्न येतो, "त्यांचं क्वालिफिकेशन काय?" तीस वर्षं साच्यावर उभं राहणं हे बायोडाट्यात बसत नाही ना.

इथेच भाषेचंही बोलून टाकतो. पोरं बसत नाहीत याचं एक उघड कारण कुणी उच्चारत नाही. वक्ता इंग्रजीतून बोलतो, आयोजक इंग्रजीतून ओळख करून देतो, आणि म्युनिसिपालिटीच्या शाळेतून आलेला मुलगा प्रश्न मनात ठेवून बसतो, कारण व्याकरण चुकलं तर मागून कुणीतरी हसेल. "एनी क्वेश्चन्स?" असं विचारल्यावर पसरणाऱ्या शांततेचा अर्थ आपण विषयात रस नाही असा लावतो. एकदा "मराठीत विचारा, हिंदीत विचारा, चिठ्ठीवर लिहून द्या" म्हणून बघा. चिठ्ठ्यांवर असे प्रश्न येतात की वक्ता पाण्याचा ग्लास उचलतो.

यूट्यूबवर सगळं असतं, हा आक्षेप मला फार वेळ खर्चण्याजोगा वाटत नाही. तिथे शोधायला आधी नाव लागतं. काल जे पाहिलं त्याच्यासारखंच आज पुढे येतं. आणि पडद्यावरच्या माणसाला "सर, हे मला पटलं नाही" असं म्हणता येत नाही.

खरी भीती यांपैकी कशाचीच नसते. ती वादाची असते, आणि हल्ली तीच सगळ्यात वरचढ झाली आहे. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ऑगस्ट २०२५ मध्ये फादर स्टॅन स्वामी स्मृती व्याख्यान व्हायचं होतं. रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठातले एक प्राध्यापक ऑनलाइन बोलणार होते. विषय होता पोटासाठी होणारं स्थलांतर. स्टॅन स्वामी एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी होते. निकाल लागण्यापूर्वीच, जुलै २०२१ मध्ये, कोठडीत असताना त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावानं व्याख्यान नको असा आक्षेप अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेनं घेतला आणि कार्यक्रम रद्द झाला.

आक्षेप घेणाऱ्यांना तो घेण्याचा हक्क आहे, हे मी मानतो. नावाबद्दल वाद घालावा, दाराबाहेर निदर्शनं करावीत, आत येऊन वक्त्याला उलटसुलट विचारावं. उद्या याच विद्यार्थी परिषदेनं बोलावलेल्या वक्त्याला दुसऱ्या बाजूच्या मुलांनी अडवलं तरी मी हेच म्हणेन. पण त्या रद्द झालेल्या तासात काय गेलं ते बघा. रत्नागिरीतून, साताऱ्यातून, आझमगढहून, तमिळनाडूतून आलेल्या माणसांनी जे शहर उभं केलं त्या शहरातल्या मुलांना स्थलांतरावर कुणी काय म्हणतं ते ऐकता आलं नाही. नावाच्या भांडणात विषय बिनविरोध हरला. आणि बातमीत आलेला हा एक कार्यक्रम. ज्यांची बातमी होत नाही ते कार्यक्रम समितीच्या बैठकीतच मरतात: "कशाला उगाच? पुढच्या महिन्यात नॅकची टीम यायची आहे." तिथे कुठल्या संघटनेला निवेदनही द्यावं लागत नाही. आपणच आपल्याला देतो.

वादाला घाबरणाऱ्या प्राचार्यांना, सरांना, मॅडमना एक विचारावंसं वाटतं. तुमच्या कॉलेजातलीच पोरं लालबाग-गिरगावातली गणपती मंडळं चालवतात ना? महापालिकेची मांडवाची परवानगी, पोलिसांचं ना हरकत, लाउडस्पीकरची वेळ, पावतीपुस्तकांचा हिशेब, शेजारच्या मंडळाशी मिरवणुकीवरून होणारी तणातणी, हे सगळं ती निभावतात. तुम्ही ज्याला वाद म्हणता तो त्यांच्यासाठी नेहमीचा भाद्रपद. आणि सार्वजनिक गणेशोत्सवात पूर्वी व्याख्यानं होतच असत. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतला उत्सव १८९३ चा. म्हणजे मांडव, श्रोते आणि वक्ता यांची सांगड घालायचं कसब या भागाच्या अंगवळणी पडलेलं आहे. या पोरांना तुम्ही कार्यक्रमात काय काम देता? खुर्च्या लावायचं आणि बुके धरून उभं राहायचं.

त्यांना वक्ता निवडू द्या. निवडण्याआधी अनोळखी विषयांची यादी त्यांच्यापुढे ठेवायचं काम शिक्षकाचं, कारण तेवढ्यासाठीच तो शिक्षक आहे. दोघातिघांनी आधी वक्त्याच्या घरी किंवा कामाच्या जागी जाऊन यावं, पानभर टिपण लिहून वर्गात लावावं, फलकावर विषयाच्या भारदस्त नावाऐवजी त्यांना पडलेला प्रश्न लिहावा. दादरच्या अमर हिंद मंडळाची वसंत व्याख्यानमाला आणि विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षणाची व्याख्यानं वर्षानुवर्षं साध्या खुर्च्यांवर झाली आहेत. त्या वक्त्यांपैकी एखाद्याला दुसऱ्या दिवशी कॉलेजात आणणं म्हणजे एक फोन.

पहिल्या वेळी पंधरा पोरं येतील. येऊ देत पंधरा. हॉल घेऊ नका, वर्ग घ्या, म्हणजे रिकाम्या खुर्च्या दिसणार नाहीत. अहवालात पंधरा असंच लिहा. त्यावर कुणी शेरा मारला तर त्याला पुढच्या व्याख्यानाचं आमंत्रण द्या, आणि शाल-श्रीफळाचे वाचलेले पैसे चहाला लावा, पोरांच्या.